६१७४ वाले कापरेकर सर

एसटी स्टँडबाहेर गाडीची वाट बघत उभे असाल, तर समोरच्या कुठल्याही बाईकची नंबरप्लेट बघा. एमएच-११ असो नाहीतर एमएच-१०, आपल्याला फक्त शेवटचे चार आकडे हवेत. समजा ३५२४ आहे. हे आकडे मोठ्यापासून लहानाकडे लावा, ५४३२. मग उलटे लावा, २३४५. मोठ्यातून लहान वजा करा. उत्तर ३०८७. आता या उत्तराचं परत तेच करायचं. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा एकदा, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ चंही करून बघा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! इथून पुढे कितीही डोकं आपटा, हा आकडा जागचा हलत नाही.

दुसरी प्लेट घ्या, तिसरी घ्या. जास्तीत जास्त सात वजाबाक्या आणि तुम्ही ६१७४ वर. अट एकच, चारही आकडे सारखे नसावेत. (म्हणजे फॅन्सी नंबरसाठी पैसे मोजून ११११ घेतलेले भाऊ या खेळात पहिल्याच वजाबाकीला शून्यावर आउट.) आणि मधे ०९९९ असं काही आलं तर ते शून्य टाकून द्यायचं नाही, त्यालाही आकडा म्हणून मान द्यायचा.

हा कुठला व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड नाही. जगभर याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. तो १९४६ मध्ये शोधला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. आणि हे कापरेकर कुठल्या विद्यापीठात प्रोफेसर नव्हते, कुठल्या संशोधन संस्थेत नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर होते. १९३० ला नोकरीला लागले, १९६२ ला रिटायर झाले. मधली सगळी वर्षं खडू, फळा आणि वजाबाकी.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचा गणिताशी ब्रेकअप दहावीनंतर झालेला असतो. काहींचा त्याच्याही आधी, फक्त घरी सांगितलेलं नसतं. त्यामुळे गणितज्ञ म्हटलं की डोळ्यापुढे येतो तो फळाभर अगम्य चिन्हं लिहिणारा माणूस. कापरेकरांची गंमत अशी की त्यांनी जे शोधलं ते समजायला चौथीचं गणित पुरतं. बेरीज, वजाबाकी, फार तर वर्ग करणं. त्यांचं मोठेपण यातच आहे, आणि त्यांची आयुष्यभर जी उपेक्षा झाली तिचं कारणही हेच.

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली, वडिलांनीच वाढवलं. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद. पत्रिका मांडायच्या तर आकडेमोड आलीच. ग्रहांवर विश्वास ठेवा न ठेवा, त्या आकडेमोडीने पोराला आकड्यांची चटक लावली हे नक्की. शाळा ठाण्यात झाली. तिथेही हा मुलगा तासन् तास कोडी सोडवत बसायचा. १९२३ मध्ये पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आला.

फर्ग्युसन म्हणजे तेव्हा गणिताचं माहेरघर. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे तिथलेच. सांगलीच्या विलिंग्डनवाल्यांना डेक्कन एज्युकेशन सोसायटी सांगायला नको, फर्ग्युसन त्याच संस्थेचं. आपल्या साताऱ्यात १८९८ मध्ये जन्मलेले ग. स. महाजनी केंब्रिजला जाऊन रँग्लर झाले, परत येऊन फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, पुढे कुलगुरूही झाले. हुशार मुलाचा रस्ता हा असा ठरलेला होता. कापरेकरांनाही त्या रस्त्याचं तिकीट जवळजवळ मिळालं होतं. १९२७ मध्ये त्यांना स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजप्यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं. कॉलेजात असतानाच, बरं का. १९२९ ला बीएस्सी झाले. त्यानंतर एमएस्सी नाही, केंब्रिज नाही, काहीच नाही. पुढच्या वर्षी देवळालीच्या शाळेत.

देवळाली म्हणजे लष्करी छावणीचं गाव. इंग्रजांच्या काळात मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सैनिक इथे महिनोन् महिने पडून असायचे आणि कंटाळून वेडेपिसे व्हायचे. त्यावरून इंग्रजी बोलीत वेड लागण्याला चक्क या गावाच्या नावाचा अपभ्रंश करून 'डूलली' असा शब्द आला. त्याच गावात हे मास्तर आकड्यांच्या मागे वेडे होऊन तीन दशकं राहिले.

शिकवण्याची त्यांची तऱ्हाही नेहमीची नव्हती. सायकलवरून इकडे तिकडे फिरत ते मुलांना शिकवायला जात आणि त्यांच्या पद्धती चाकोरीबाहेरच्या होत्या असं त्यांच्याबद्दल लिहून ठेवलेलं आहे. नदीकाठी निवांत बसून आकड्यांचा विचार करत राहणं हा त्यांचा छंद. आसपासच्या कॉलेजांमधून त्यांना बोलवणं यायचं आणि हे शाळामास्तर जाऊन कॉलेजच्या पोरांना आपल्या आकड्यांच्या गोष्टी सांगायचे. स्वतःला ते गणितानंद म्हणवून घेत. नावातच सगळं आलं. गणित हा स्कोअरिंग सब्जेक्ट आहे की नाही हा प्रश्न त्यांना कधी पडला असेल असं वाटत नाही.

आता शिक्षकाच्या बाजूने ६१७४ कडे बघा. चौथी-पाचवीच्या पोराला हातच्याच्या पाच वजाबाक्या घाल म्हटलं की तोंड वाकडं. पण वर्गातल्या चाळीस पोरांना चाळीस वेगवेगळे आकडे घ्यायला लावले आणि सगळ्यांची गाडी एकाच स्टेशनवर थांबणार म्हणून सांगितलं, तर? माझ्या सातवीतल्या चुलत भावाला मी हा खेळ दिला. त्याने अर्ध्या तासात वहीची तीन पानं वजाबाक्यांनी भरली. एका ठिकाणी उत्तर ६१७४ ऐवजी भलतंच येत राहिलं, तर स्वतःच मागे जाऊन चूक शोधून काढली. कोणी सांगितलं नाही, कोणी ओरडलं नाही. नवीन शिक्षण पद्धती, कृतीतून शिक्षण वगैरे शब्द आपण सेमिनारमध्ये ऐकतो. इथे ना साहित्य लागलं, ना प्रोजेक्टर.

पण होतं कसं हे? पोरं हा प्रश्न विचारणारच, आणि खरं गणित तिथे सुरू होतं. चार आकडे उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरा. मोठ्यातून लहान वजा केलं की उत्तर येतं ९९९ गुणिले (अ वजा ड), अधिक ९० गुणिले (ब वजा क). म्हणजे तुमचे मूळ आकडे कोणते याला फारसा अर्थच उरला नाही, फक्त दोन फरक महत्त्वाचे. पहिला फरक १ ते ९ यातला, दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याइतका. मोजा, अशा जोड्या होतात फक्त ५४. दहा हजार नंबर एका वजाबाकीत ५४ खोल्यांमध्ये जाऊन बसले! त्या ५४ हाताने तपासता येतात, एका रविवारचं काम. सगळ्या वाटा ६१७४ ला मिळतात. आणि ९९९ काय, ९० काय, दोन्ही ९ च्या पटीत, म्हणून मधलं प्रत्येक उत्तर ९ ने भागलं जातं. भागलं गेलं नाही तर समजा वजाबाकी चुकली. शिक्षकाला वही न तपासता चूक कळते, हा आणखी फायदा.

तीन आकडी नंबर घेतले तर असाच मुक्काम ४९५ वर. दोन आकडी घेतले तर मुक्काम नाही, गोल फिरत राहता: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९. पाच आकडीतही एकच एक मुक्काम नाही, फेरेच. त्यातला एक ५३९५५ पासून सुरू करून बघा, दोनच पावलांत घरी परत येता.

६१७४ हा कापरेकरांचा एकुलता एक हिट नाही. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज ४५. २०२५ साल आलं तेव्हा हे रील्सवर बरंच फिरलं, पण नाव कोणी फारसं घेतलं नाही. अशा संख्यांना कापरेकर संख्याच म्हणतात. ५५ चंही तसंच, वर्ग ३०२५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३ तुम्ही करा.

मग हर्षद संख्या. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती. हर्ष देणारी म्हणून हर्षद, नावही त्यांनीच दिलं. रामानुजनचा प्रसिद्ध १७२९ घ्या. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. ६१७४ सुद्धा हर्षद आहे. बेरीज १८, आणि १८ गुणिले ३४३. हा ३४३ पुन्हा ७ चा घन. इथे थांबायला पाहिजे, नाहीतर आपणही देवळालीचे होऊ.

जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, आजची डोंबिवली ती हीच म्हणतात. तिथे या माणसाला एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांचं नाव डेम्लो संख्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, या त्यातल्याच. लोकलच्या गर्दीत लोकांना काय काय सुचतं, यांना हे सुचलं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतात त्या स्वयंभू संख्या. कुठलाही आकडा घ्या, त्यात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवा आकडा जन्माला येतो. २१ घेतला तर २१ अधिक २ अधिक १, म्हणजे २४. तर २१ हा २४ चा जनक. काही आकड्यांना दोन जनक असतात. १०१ हा ९१ पासूनही होतो आणि १०० पासूनही. पण काही आकडे असे की ते कशापासूनच होत नाहीत. २० करून बघा, कुठल्याच आकड्यापासून येत नाही. अशा अनाथ म्हणा की स्वतःच्या पायावर उभ्या म्हणा, त्या स्वयंभू संख्या. शंभरच्या आत त्या तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७.

आता गाड्यांच्या नंबरांचं बघू. कोल्हापूर एमएच-०९, स्वयंभू. (कोल्हापूरकरांना हे आधीपासून माहीत असणार.) एमएच-०५ कल्याण, ज्यात डोंबिवली येते, तेही स्वयंभू. ५ पासून जन्मतो १०, म्हणजे सांगली. १० अधिक १, म्हणजे ११, म्हणजे सातारा. ११ अधिक २, म्हणजे १३, सोलापूर. सांगलीपासून सातारा जन्मला हे गणिताने सिद्ध झालंय, साताऱ्याच्या मित्रांनी इतिहासाची पुस्तकं मधे आणू नयेत. एमएच-३१ नागपूर आणि एमएच-४२ बारामती हेही स्वयंभू आहेत. यावर मी काही बोलणार नाही, मला इंटर्नशिप पूर्ण करायची आहे.

गंमत बाजूला. या सगळ्याला गणितज्ञ काय म्हणत होते? आपल्याकडच्या अनेकांना हा पोरखेळ वाटत होता. लोक हसायचे. आणि त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं होतं असंही नाही. केंब्रिजचे जी. एच. हार्डी, ज्यांनी रामानुजन यांना इंग्लंडला बोलावून घेतलं तेच, त्यांनी १९४० मध्ये आपल्या एका प्रसिद्ध पुस्तकात नेमकं याच जातीचं उदाहरण दिलंय. ९८०१ हा १०८९ च्या नऊपट आहे, म्हणजे आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत. हार्डींचं मत असं की हे वर्तमानपत्रातल्या कोड्यांना ठीक आहे, खऱ्या गणितज्ञाला यात रस वाटण्यासारखं काही नाही. कारण साधं. आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो. आठ बोटं असती तर ६१७४ हा कोणीही नसता. जे बोटांच्या संख्येवर अवलंबून आहे ते विश्वाचं सत्य कसं?

हा युक्तिवाद पक्का आहे. पण तो पूर्ण आहे असं मला वाटत नाही. आपल्याला दहाच बोटं आहेत, आणि शाळेतलं पोर त्याच बोटांवर मोजायला शिकतं. त्याच्या हातात जे आहे त्यातून न संपणारं काहीतरी निघू शकतं, हे त्याला दाखवणं छोटी गोष्ट आहे का? हार्डी विद्यापीठातून बोलत होते, कापरेकर वर्गात उभे होते. दोघांच्या समोरचे लोकच वेगळे. आणि इथे तक्रार करायची तर ती हसण्याबद्दल. काम खोल नाही म्हणणं वेगळं आणि काम करणाऱ्याला पदवी नाही म्हणून त्याच्याकडे न बघणं वेगळं. एमएस्सी नसलेल्या शाळामास्तराच्या वाट्याला बहुतेक दुसरं आलं असणार.

कापरेकर थांबले नाहीत. १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ मांडला. पुढे पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतल्या एका गणिती नियतकालिकात त्यावर त्यांचा लेख आला. जे कोणी छापत नव्हतं ते स्वतः छापलं. पातळ पुस्तिका, प्रकाशक म्हणून लेखक स्वतःच, पत्ता देवळाली. स्वयंभू संख्यांवरची पुस्तिका १९६३ ची, रिटायर झाल्यानंतरच्या वर्षीची. आज आपण ब्लॉग काढतो, यूट्यूब चॅनेल काढतो, फुकटात. त्यांनी शाळामास्तराच्या पगारातून छापखान्याची बिलं भरली.

रिटायरमेंटनंतरची वर्षं वाचताना जीव थोडा खाली-वर होतो. १९६६ मध्ये पत्नी गेली. काटकसरीने राहूनही पेन्शन पुरेना. मग साठी उलटलेले हे गृहस्थ गणित आणि विज्ञानाच्या ट्यूशन घेऊ लागले, पोट भरण्यासाठी. ज्यांच्या नावाच्या संख्या पुस्तकात यायला लागल्या होत्या तेच सर कोणाच्या तरी पोराचा बीजगणिताचा धडा घ्यायला जात असणार. त्या पोरांना आपल्यासमोर कोण बसलंय याची कल्पना असेल का, कोणास ठाऊक.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांबद्दल लिहिलं. गार्डनरचं सदर म्हणजे तेव्हा गणिताची आवड असलेल्या अख्ख्या जगाचा कट्टा. त्यानंतर कापरेकर हे नाव देशोदेशी गेलं. ते तेव्हा सत्तर वर्षांचे होते. कॉम्प्युटर आल्यावर तर लोकांनी त्यांचे आकडे हव्या त्या पटीत तपासायला घेतले. दहाऐवजी आठच्या, सोळाच्या पटीत मोजलं तर काय होतं, हेही. म्हणजे हार्डींच्या आक्षेपालाच लोकांनी नवा प्रश्न करून टाकलं. विश्रामबागच्या आमच्या मेसमध्ये कॉम्प्युटर सायन्सच्या एका मित्राने पंधरा ओळींचा पायथन कोड लिहून सगळे नंबर पळवले. सेकंदही लागला नाही, आणि मग तोच म्हणाला की मजा हातानेच येते, आणि टिश्यू पेपरवर वजाबाक्या करत बसला.

१९७३ मध्ये गुजरात युनिव्हर्सिटीत स्वयंभू संख्यांचा समावेश असलेला पीएचडीचा प्रबंध सादर झाला. ज्या माणसाने त्या संख्या शोधल्या त्याचं शिक्षण बीएस्सीवरच थांबलेलं होतं. तेरा वर्षांनी, १९८६ मध्ये, कापरेकर गेले. स्वयंभू संख्यांना इंग्रजी पुस्तकांमध्ये आणखी एक नाव आहे, देवळाली संख्या.